रावातच्या बायकांचा खर्ज

"कानाला लागतं ते विकत मिळतं. पोटाला लागतं ते लावावं लागतं."

रावात गावात हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. पेनियास तोमारिंगा ते कुठेही म्हणायचा. होडीला रंग देताना, सुपारीला चुना लावताना, कुणाच्या मयताहून परतताना. गावची पोरं पोट पुढे काढून, आवाज जाड करून त्याची नक्कल करायची. तो रागवायचा नाही. नक्कल चुकली तर मात्र थांबवायचा. "जोर 'लावावं'वर दे रे. पोटावर देऊ नकोस. पोट माझं आहे, त्याचं मी बघतो."

खाडीकाठच्या साऱ्या गावांत खर्जाच्या बेस गिटारचं काही अडलं की वाट त्याच्या पडवीकडे वळायची. कुणाची मान वाकलेली, कुणाची तारा पेलणारी घोडी खाऱ्या वाऱ्याने गंजलेली, कुणाच्या खुंट्यांत तावुरवुर ह्या ज्वालामुखी डोंगराची राख शिरलेली. आणणाऱ्याला तो आधी बसवायचा, नारळाचं पाणी द्यायचा आणि वाद्याकडे बराच वेळ नुसता बघत राहायचा, जणू ते घरी आलेलं पाहुणं आहे आणि बोलायला त्यानेच सुरुवात करायची आहे. अभिमान त्याला भरपूर होता आणि तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही. "ह्या खाडीत माणसाला आतून हलवणाऱ्या दोनच गोष्टी," तो म्हणायचा, "एक तो डोंगर, दुसरा मी. डोंगराला वेळकाळ कळत नाही."

देल्मा त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. इथे मूल आईच्या कुळाचं, त्यामुळे बापाच्या शब्दाआधी मामाचा शब्द. पण ह्या मामाने भाचीवर शब्द फारसे खर्च केले नाहीत. ती लहान असताना त्याने तिची बोटं जाड तारांवर ठेवली आणि म्हणाला, "दुखलं तर सांग." तिने सांगितलं नाही. तेव्हापासून ती बेस वाजवत होती, पण पडवीतच. बाहेर तिला वाजवायला जागाच नव्हती. गावात बँड एकच, तो पुरुषांचा, आणि त्यात बेस वाजवायचा एरेमास, जो बँडचा म्होरक्याही होता.

दर वर्षी खाडीमागच्या डोंगरावरच्या वुनातागी गावात चर्चच्या महिला मंडळांचा मेळा भरायचा. रावातच्या बायका तिथे गायच्या आणि त्यांच्या पुढे एरेमासचा बँड वाजायचा. इतका वाजायचा की बायकांची नुसती तोंडं हलताना दिसायची. मागच्या मेळ्याहून उतरताना मंडळाच्या म्होरक्या याकुबाकमावशी ट्रकमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढल्या वर्षी आपला बँड. गिटारी आहेत, ढोल आहे. बेस आणू. पोरगी आहेच."

पुढच्या बाकावरून एरेमास हसला. "मावशी, बेसला खांदा लागतो. देल्माच्या खांद्याला केळ्यांचा घड शोभतो."

"तोच घड घेऊन मी डोंगर उतरते," देल्मा म्हणाली. "तू मोकळ्या हातांनी उतरतोस तरी धापा टाकतोस."

ट्रक हसला. एरेमासही हसला, तसा माणूस वाईट नव्हता.

वर्षभर बायकांनी पैसे साठवले. तावुरवुरच्या पायथ्याशी गरम वाळूत रानकोंबड्या अंडी घालतात. पुरुष ती खणून काढतात, बायका बाजारात विकतात. त्या विक्रीतला वाटा पत्र्याच्या डब्यात पडत राहिला. डबा भरला तेव्हा याकुबाकमावशींनी तो देल्माच्या मांडीवर ठेवला.

"तुझा मामा निवडणार म्हणतेस ना? निवडू दे. पण हे एकदाच आहे, पोरी. जमलं तर आपला बँड. नाही जमलं तर पुन्हा एरेमासच्या पाठीकडे बघत गायचं, आणि बेस तुझ्या हातात परत द्या असं मंडळाला मी सांगू शकणार नाही. हमी तुझी."

"माझी," देल्मा म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिला नीट जेवण गेलं नाही.

कोकोपो शहरातल्या वाद्यांच्या दुकानात लाल रंगाचा, पाच तारांचा नवाकोरा बेस टांगलेला होता. शेजारी निळे दिवे लुकलुकणारा अँप्लिफायर. सोबत आलेल्या बायका त्याच्यासमोर देवळात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. पेनियासने तो काढून घेतला, डोळ्यांशी धरून बंदुकीचा नेम धरावा तशी मानेवरून नजर टाकली आणि परत टांगला.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"मान अजून कच्ची आहे. आपल्या दमट हवेत वर्षभरात कमान होईल. आणि पाचवी तार कशाला? चार तारांवर अख्खं गीतपुस्तक वाजतं."

मग तो दुकानाच्या मागच्या खोलीत शिरला. तिथे जुना माल होता. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या नाचघरातला एक तपकिरी बेस त्याने धुळीतून उचलला. रंग उडालेला, जड, कुरूप. तो खोक्यावर बसला, यंत्राला न जोडताच त्याने बेसच्या शिंगाला कान लावला आणि एकेक पडदा दाबत वर गेला. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून मध्ये तारेखाली किती फट राहते ते पाहिलं. बटणं कान देऊन फिरवली. देल्मा त्याचा चेहरा पाहत होती. असा चेहरा तिने बाळाला झोपवणाऱ्या बायकांचाच पाहिला होता.

"हा," तो म्हणाला. "तारा मेल्यात, पण बऱ्या मेल्यात. मऊ झाल्यात. ह्यांना हात लावायचा नाही."

पैशाचा मोठा वाटा त्याने गिटारीवर घातलाच नाही. तो गेला स्पीकरवर, त्याखालचा एका साध्या, बिनदिव्याच्या अँप्लिफायरवर. नुसता स्पीकर घेतला, पेटीशिवाय. त्याच्या कागदी पडद्यावर तळहात ठेवून त्याने तो अलगद आत दाबला, खरखर येते का ते ऐकलं आणि मान डोलावली. "पेटी मी करीन. दुकानातली पेटी म्हणजे बिस्किटाचा डबा."

ट्रकमध्ये एक बाई पुटपुटली, "अंडी विकून लाकडाचं ओंडकं घेतलं."

"ओंडकं नाही, बाई," पेनियास म्हणाला. "ओंडकं असतं तर मी दर पाडून घेतला असता."

देल्मा मात्र हसली नाही. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते.

त्यापुढचे दिवस पडवी लाकडाच्या भुश्शाने भरली. पेनियासने जाड फळ्यांची पेटी केली, आतून नारळाच्या काथ्याचं अस्तर लावलं, आणि वाजत असताना सांध्यांवरून ओला गाल फिरवला. जिथे वाऱ्याची फुंकर लागली तिथे झाडाचा डिंक भरला. मानेचा बाक काढणारा स्क्रू तो एका वेळी जरासाच पिळायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. "मानेला घाई कळत नाही. बायकोला कळते, मानेला नाही." मग घोडी. मोकळी तार आणि तिच्या मध्यावरचा सूर जुळेपर्यंत तो घोडीचे दात मागेपुढे सरकवत राहिला. शेवटी अँप्लिफायरची सगळी बटणं त्याने मधोमध ठेवली.

"आता कमी कर," तो देल्माला म्हणाला. "वाढवण्याआधी काय नको ते काढ. लोक उलटं करतात. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिखट घालतात."

त्या संध्याकाळी तिने पहिला सूर वाजवला तेव्हा मऊ, गोल, ओल्या मातीवर पाय पडावा तसा आवाज आला. पडवीतल्या टोपलीतल्या सुपाऱ्या हलल्या. पेनियासने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. देल्माला वाटलं, आता जमलं.

चूक तिने मेळ्याच्या पहाटे केली, आणि ती प्रेमापोटी. खाडीवरचा प्रत्येक बँड मोठ्या दिवसाआधी जुन्या तारा काढून भांड्यात उकळतो. मळ सुटतो, तारा पुन्हा नव्यासारख्या बोलतात. नव्या घ्यायला कुणाला परवडतात? मामाने हात लावू नको म्हटलं होतं ते तिच्या लक्षात होतं. पण तारांवर हॉटेलवाल्यांचा काळा मळ होता, आणि बायकांच्या मेळ्यात मळकी वस्तू न्यायची तिला लाज वाटली. तिने मंडळाच्या अरवी शिजवायच्या पातेल्यात तारा उकळल्या, पुसल्या, चढवल्या आणि ट्रक निघाला.

वुनातागीच्या मैदानावर जनरेटर सुरू झाला. तिने तार छेडली. पत्र्यावर नारळ पडावा तसा खणखणाट झाला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. एरेमासने आपल्या पोरांकडे पाहून भुवई उडवली.

ट्रकमधून सोबत आलेला पेनियास जवळ आला. तारेवरून अंगठा फिरवला आणि बोटाचा वास घेतला.

"कशात शिजवल्यास?"

"मंडळाच्या अरवीच्या पातेल्यात."

"नारळाचं दूध तरी घालायचंस."

"मामा, शिव्या दे. थट्टा करू नको."

"शिव्या घरी देईन. आत्ता गिऱ्हाईक बसलंय."

याकुबाकमावशी तरातरा आल्या. "काय झालं? हा आवाज कसला?"

देल्माने तोंड उघडलं, पण त्याआधी पेनियास म्हणाला, "डोंगरावरची हवा वेगळी आहे. मी बघतो." खोटं बोलताना तो कधी नव्हे इतका साधा दिसला.

त्याने पायातली रबरी चप्पल काढली, सुरीने तिच्या टाचेची जाड पट्टी कापली आणि घोडीजवळ चारही तारांखाली दाबून बसवली. मग चार बायकांना लावून पेटी चर्चच्या जोत्याशी, भिंतीला पाठ लावून ठेवली. "उघड्यावर खर्ज पळून जातो. त्याला भिंत दाखवली की तो माणसांकडे येतो." देल्माने पुन्हा छेडलं. पडवीतला आवाज परत आला होता. मऊ, गोल, दबका. ती रडायच्या बेतात होती ती सावरली.

पहिलं गाणं सुरू झालं. सगळे सूर बरोबर होते. तरी काहीतरी बसत नव्हतं. बायकांचे गळे उंच, झाडाच्या शेंड्यावर, आणि बेस खाली मुळांशी. मध्ये खोड नव्हतं. मेळ्यातल्या बायका ऐकत होत्या, पण हातातल्या पानांच्या पंख्यांनी वारा घेत ऐकत होत्या, म्हणजे बोलायला मोकळ्या होत्या. मावशींनी गाता गाता मागे वळून पाहिलं. त्या नजरेत पत्र्याचा अख्खा डबा होता.

पेनियास मैदानाच्या पार टोकाला, गर्दीच्या मागे डोळे मिटून उभा होता. गाणं संपलं तसे त्याने डोळे उघडले आणि तो गर्दीतून सरळ पुढे चालत आला. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. पोरं हसली. तो थेट देल्मापाशी आला आणि चपलेची पट्टी बाजूला ओढली, अर्धीच. जाड तारांखाली ती तशीच राहिली, बारीक दोन तारा मोकळ्या झाल्या.

एरेमास शेजारी उभा होता. त्याने मोठ्याने विचारलं, "का मामा? तुमचं लावणं चुकलं की काय?"

देल्माला वाटलं, आता मामा डोंगरावरच्या हवेचं नाव घेणार. एवढ्या माणसांत, एवढ्या वर्षांच्या नावापुढे, दुसरं काय घेईल?

"चुकलं," पेनियास म्हणाला. आवाज मागपर्यंत गेला. "मी जन्मभर पुरुषांच्या गळ्याखाली बेस लावला. तसाच इथे लावला. ह्या गळ्यांना खालीही धरायला हवं आणि वरही हात द्यायला हवा. पोरीने पहाटे तारा उकळल्या, त्या मी मारल्या. ती अर्धी बरोबर होती, मी अर्धा. आता दोन्ही अर्धे एकत्र वाजू द्या."

"तारा उकळल्या?" मावशी म्हणाल्या.

"हो, तुमच्या पातेल्यात," पेनियास म्हणाला. "वाजव, देल्मा."

दुसऱ्या गाण्यात खालचे सूर जमिनीतून आले आणि वरचे सूर बायकांच्या गळ्यांना जाऊन चिकटले, वेल कुडाला धरतो तसे. देल्माला तिच्या बोटांखाली दोन्ही जागा सापडत गेल्या. पंखे थांबले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने आधी एक पाय आपटला, मग दुसरा, आणि मग ती उठूनच उभी राहिली. तिच्या मागे रांगच्या रांग उठली. गाणं संपल्यावर यजमान मंडळाच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, रावातच्या बँडने संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत वाजवावं, पुरुषांच्या बँडने आज जेवण वाढावं.

"वाढू," एरेमास म्हणाला. मग देल्माकडे न बघता म्हणाला, "खांदा आहे, मानलं."

मावशींनी देल्माच्या गळ्यातला पट्टा नीट केला. "हा बेस तुझ्याकडेच राहील. घरी ने."

तिसऱ्या गाण्याआधी देल्माने बटणाकडे हात नेला आणि थांबली. किती कमी करायचं हे विचारायला तिने मामाकडे पाहिलं. पेनियास पेटीच्या कडेला उभा होता. त्याने मान हलवली, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. मग त्याने दुसऱ्या पायातली चप्पलही काढून हातात घेतली आणि कोकोच्या बागांमधून उतरणाऱ्या वाटेला लागला.

"मामा, ट्रक संध्याकाळी निघेल!" ती ओरडली.

"मी तोवर घरी पोचलेला असेन," तो चालता चालता म्हणाला. "तू वाजव. खालून कसं ऐकू येतं ते मला बघायचंय."

देल्माने बटण स्वतःच्या कानाने जरासं मागे घेतलं आणि वाजवायला सुरुवात केली. तिला वळून बघता येत नव्हतं. पण याकुबाकमावशी गात गात वाटेकडे बघत होत्या, आणि वाढायचं पातेलं हातात धरलेला एरेमासही. वळणावर पेनियास एकदा थांबला, वाकून तळहात जमिनीला लावला, तसाच क्षणभर राहिला आणि मग झाडांत शिरला.