कौशल्यामावशीच्या हातचा निखारा

आमच्या मिरची गल्लीत आग लागली तेव्हा आम्ही पहिले हसलो. खोटं नाही सांगत. ठसका लागला, शिंका सुरू झाल्या, अन् प्रेमिला म्हणाली, "आज माल लयच तेज आला वाटते वं!" ज्या बायांचा जन्म मिरचीची देठं तोडण्यात गेला, त्यांनी एका ठसक्यानं उठून पळावं काहून? दुसरी गल्ली असती तर लोक धुराच्या पहिल्या वासाले बाहेर आले असते. आम्ही नाकाले पदर लावला अन् हात चालू ठेवले. मागच्या गोदामाचे पत्रे तडतडायले लागले, तेव्हा कुठं उठलो.

इतवारी बाजाराच्या मागं विश्वनाथसेठचा सातरा होता. सातरा म्हणजे मिरची वाळवायची, निवडायची, पोत्यात भरायची जागा. बाप्पा, मिरचीच्या आगीजवळ कोणाले जाता येते? आगीच्या गाड्या आल्या, पण नळी धरणारी माणसंच डोळे चोळत मागं पळून राहिली होती. आमचा सातरा गेला, किराण्याची गोदामं गेली, मागची अख्खी वस्ती गेली. रस्त्यावरून लाल पाणी वाहत होतं. शहराले आठवते तेव्हापासून एवढी आग झाली नाही, असं पेपरवाल्यांनी लिहिलं. प्रेमिलाचा नवरा प्रीतम पोती ओढायले आत गेला होता. तो परत आला नाही.

मग एकच चर्चा, लावली कोणी?

मी माया, मुळातच संशयी बाई. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून पाहते. माझा पहिला संशय सेठवर. मीटरच्या डब्यातून ठिणग्या पडतात, हे सांगून सांगून आमचं तोंड दुखलं होतं. वरून त्याचं घर गल्लीच्या टोकाले, त्याले झळ नाही. विम्याचा माणूस येईपर्यंत त्याच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. तो आला अन् सेठ ढसाढसा रडला. आता यात मी काय समजायचं?

पण प्रेमिलानं कौशल्यामावशीचं नाव घेतलं. "त्या दिवशी आग लागायच्या जरा आधी, दिवेलागणीले, हिच्या हातात खापरावर निखारा होता. मी पाहिला." नवरा गेलेल्या बाईले कोण खोटं म्हणते?

कौशल्यामावशी भिवापूरची. लग्न होऊन आली ती मिरचीच्या ढिगासमोर बसली, साठी उलटली तरी उठली नाही. नवरा नाही, मूलबाळ नाही. बोलणं मोजकं. पण गल्लीतल्या कोणत्याही लेकराची दृष्ट काढावी तर तिनंच. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळायच्या अन् निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला तर नजर नाही, मिरची जळूनही वास नाही आला तर नजर कडक. चहावाल्याच्या शेगडीतून ती निखारा घेई, हे सगळ्यांले माहीत.

मी तिच्या शेजारी बसणारी. मी सरळ विचारलं, "मावशी, त्या दिवशी कोणाची दृष्ट काढली?"

"तुले काय करायचं हाये?"

"मले काही नाही करायचं. पण लोकं तुले खुनी म्हणून राहिले ना! नाव सांग अन् मोकळी हो."

"नाही सांगत," म्हणाली अन् तोंड फिरवलं. खरं सांगू, तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली.

सेठनं कळमन्याकडं नवा शेड घेतला अन् बायांले घरी बोलावलं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "कौशल्याबाई, निखारा कोणाच्या घरी नेला ते सांगा. त्या घरानं हो म्हटलं तर उद्यापासून कामावर या. नाही तर या बाया तुमच्यासोबत बसायले तयार नाहीत." दुसरं काम त्या वयात तिले कोण देते? सेठची सून मिनल चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्या हातातले कप वाजून राहिले होते. मी लगेच ताडलं, काहीतरी आहे.

मावशीनं मिनलकडं एकदा पाहिलं. "माझी मीच काढली," म्हणाली.

स्वतःची दृष्ट स्वतः कोणी काढते का? प्रेमिला किंचाळली, "पाहा, खोटं बोलते!" मावशी उठली, चपला घातल्या अन् चालती झाली.

तेवढ्यात मिनलनं ट्रे खाली ठेवला अन् तोंड दाबून मोरीकडं पळाली. बायांले काय सांगा लागते? आम्ही एकमेकींकडं पाहिलं. ती तोंड पुसत आली अन् रडतच सासऱ्याले म्हणाली, "मामाजी, मावशीनं माझी दृष्ट काढली. निखारा आपल्याच मोरीत पाणी टाकून विझवला, माझ्यासमोर. दोनदा पोट खाली झालं माझं. दोन्ही वेळा आधीच पेढे वाटले होते. म्हणून या वेळी तिसरा महिना भरेपर्यंत कोणाले सांगू नको, अशी मीच शपथ घातली होती."

चोर सोडून संन्याशाले फाशी द्यायले निघालो होतो आम्ही! अन् सेठ? त्याच्या तोंडून माफीचा शब्द नाही, मीटरच्या डब्याचा तर नाहीच. "नातू येते!" म्हणाला अन् पेढे मागवले.

पेढे घेऊन मी मावशीच्या खोलीवर धावली. "मावशी, सुटली तू! मिनलनं सगळ्यांसमोर सांगितलं!"

वाटलं, खुश होईल. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "सगळ्यांसमोर? तिसरा भरला नाही वं अजून! काहून बोलली ती पोरगी?" पेढ्याले हातही लावला नाही. मग हळूच विचारलं, "प्रेमिला काय म्हणाली?"

"काही नाही. मिनलच्या पोटाकडं पाहत होती."

मावशी उठली. "आजच काढा लागते." डबे उघडून पाहिले, तर मिरचीवाल्या बाईच्या घरात एक मिरची नव्हती. काम बंद, आणणार कुठून? मिरच्या माझ्या घरून घेतल्या. चहावाल्याच्या शेगडीपाशी तिनं खापर पुढं केलं, अन् हात मागं घेतला.

"निखारा तू धर, माया."

"मी काहून? आता तर सगळ्यांले खरं कळलं ना?"

"धर तू," म्हणाली.

मी खापर धरलं. पुढं ती, मागं मी. जळक्या गल्लीतून चाललो तर दारादारातल्या बाया उठून उभ्या राहिल्या. मावशीकडं कोणी पाहत नव्हतं. सगळ्या माझ्या हाताकडं पाहून राहिल्या होत्या.