डाव्या खांद्याचा दस्ता

त्या दुनळी बंदुकीची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात चिडू नका. डॉक्टरांनी ती बंदूक पाहिलेली नाही.

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला तेव्हा जमिनींना सोन्याचा भाव आला होता. कॉम्प्युटर कंपन्या येणार म्हणून काल मेथी होती तिथे आज तारेचं कुंपण उभं राहत होतं. अशाच एका कुंपणावरून एका सकाळी बार उडाला. शेजारचा बागायतदार, जो मार्केट यार्डात पालेभाजी पाठवायचा, 'तार माझ्या बांधावर आली आहे' म्हणत आडवा आला आणि छातीत छर्रे लागून जागीच गेला.

ठाण्यात खबर दिली ती कुंपण घालणाऱ्या मालकाने स्वतः. "साहेब, आमच्या वॉचमनच्या हातून भलतंच झालंय. माणूस धरून ठेवलाय, बंदूकही आहे. गाडी पाठवता का?"

आरोपी, हत्यार आणि कारण एकाच ताटात वाढून देणाऱ्या फिर्यादीवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. पण कागदावर सगळं चोख होतं. वॉचमन लष्करातून निवृत्त झालेला, बुटका, काटक माणूस. बंदूक त्याच्या मालकीची, परवाना त्याच्या नावावर. जागेवर मिळालेली काडतुसं त्याच बंदुकीतून उडालेली. आणि काहीही विचारलं तरी त्याचं एकच उत्तर, "मीच मारली साहेब. अंगावर आला म्हणून मारली." दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने. खरं बोलणारा माणूस इतका पाठ केल्यासारखा बोलत नाही.

मालक ठाण्यात येऊन माझ्यासमोर हळहळला. "इमानी माणूस आहे हो. आमचं मीठ खाल्लंय त्याने." वरून मला निरोप आला, आयती केस आहे, दोषारोपपत्र लवकर पाठवा. कबुली पोलिसांपुढची, कोर्टात तिला काडीची किंमत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. तरी घाई होती.

मुद्देमाल तपासताना मी ती बंदूक हातात घेतली आणि थबकलो. नळ्या जुनाट, त्यांवरचं नक्षीकाम झिजलेलं. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा लाकडी भाग, मात्र कोरा करकरीत. अक्रोडाचं लाकूड, तेल पाजून चमकवलेलं, मुठीवर बारीक जाळीदार खाचा, मागच्या टोकाला रबर. दस्ता लांबलचक होता आणि किंचित डावीकडे झुकवलेला. गाल टेकायचा उंचवटा उजव्या अंगाला. बंदूक अशी तोललेली की उचलताच नेमावर यावी. हे शौकिनाचं काम होतं, आणि तोही उंच आणि डावखुरा.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मी पंचांसमक्ष ती वॉचमनच्या हातात दिली. "खांद्याला लावा."

जुना सैनिक तो. हात आपोआप उजव्या खांद्याकडे गेला, आणि दस्त्याचं टोक काखेत अडकलं. पुन्हा उचलली, पुन्हा अडकली. मान वाकडी करूनही त्याला नेम सापडेना. त्याने बंदूक खाली केली आणि पुटपुटला, "मीच मारली साहेब."

माझा तोल गेला. "अहो, स्वतःची बंदूक तुम्हाला खांद्याला लावता येत नाही, आणि कुंपणापलीकडच्या माणसाची छाती बरोबर गाठलीत? मला शेंडी लावताय?"

मग तो हळूच म्हणाला, "पोरीला कंपनीत कॉम्प्युटरवर बसवणार आहेत. शब्द दिलाय मालकांनी."

त्याची मुलगी बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिला मी आत बोलावलं. "जय भीम, साहेब," म्हणाली, आणि सगळं ऐकल्यावर बापाकडे वळली. "बाबा, मी मागितली होती का ही नोकरी? तुम्हाला जेलात घालून मिळालेल्या खुर्चीवर मी बसायचं? त्यापेक्षा मी घरी बसेन. खरं काय ते सांगा."

तेव्हा त्याने सांगितलं. बार मालकाच्या मुलाने उडवला होता. परदेशात शिकून आलेला हा मुलगा वॉचमनची बंदूक स्वतःचीच समजून वापरत होता. दस्ताही त्यानेच बदलून घेतला होता. पण एकदा खोटं बोललेल्या आरोपीचा शब्द कोर्टात कोण धरणार?

मुलाला चौकशीला बोलावलं. बापासोबत आणि वकिलासोबत आला. उंचापुरा. चहाचा कप डाव्या हातात. वकिलाने आधीच बजावलेलं असणार, तो कशालाच उत्तर देईना. मी बंदूक टेबलावर ठेवली आणि हवालदारांकडे वळून म्हणालो, "कोणत्या सुताराने बसवलाय हो हा दस्ता? मंडईत फळ्या ठोकणारा दिसतोय. उजवीकडे झुकवायचा, तर गाढवाने डावीकडे झुकवलाय."

"एक्सक्यूज मी," मुलगा उसळला, "इट्स परफेक्ट! लेफ्टीला डावीकडेच लागतो. मी स्वतः फिटिंगला जाऊन..."

वकिलाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

हा दस्ता बसवणाऱ्या कॅम्पातल्या बंदूकवाल्याने जबाब देताना आमचीच खरडपट्टी काढली. "मापं माणसाची घेतात साहेब, लायसन्सची नाही. माप द्यायला जो उभा होता त्याला मी ओळखेन. आधी विचारायला कोणी आलंच नाही." त्याने मुलाला ओळखलं. मग कुंपणाच्या मजुरांनाही कंठ फुटला. मुलाला शिक्षा झाली, पुरावा दडवल्याबद्दल बापालाही.

त्यांची चूक एकच. बंदुकीचा नंबर नळीवर असतो आणि परवाना त्या नंबराला असतो, म्हणजे माणूसही त्याच नावाचा अडकेल, असा त्यांचा हिशेब. लाकूड कोणी बघेल असं त्यांना वाटलंच नाही. तेव्हापासून प्रत्येक गुन्ह्यात मी वस्तू कोणाच्या नावावर आहे हे शेवटी बघितलं. ती कोणाच्या हाताला बसते हे आधी.

खटला संपल्यावर वॉचमन परवाना परत करायला आला. मी म्हणालो, "अहो, बंदूक तुमचीच आहे. जुना दस्ता बसवून घ्या, अर्ज मी पुढे पाठवतो."

"जुना दस्ता नाही साहेब," तो म्हणाला. "नवा आला त्या दिवशी फार्महाऊसवर त्यांची पार्टी होती. जुना त्यांनी शेकोटीत घातला."

"आणि तुम्ही?"

"मी उभा होतो ना तिथे. ड्यूटीवर."

हे खटल्यात कुठेच आलं नाही. दुसऱ्याच्या बंदुकीचा दस्ता त्याच्यादेखत जाळून हात शेकणं, याला मी नुकसानीचं कलम लावूही शकलो असतो. पण त्याने तक्रार द्यायला नकार दिला. म्हणाला, "जाऊ द्या साहेब, थंडी होती." मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या वाक्याचा.