धाकटीचं बोलणं

धाकटी चार वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा आमच्या घरात कुणाला अन्न गोड लागेनासं झालं. आजोबांनी पोपटाचे उष्टे पेरू आणून तिला खाऊ घातले. निजामाचा अंमल होता. आमच्याकडं दवाखाना म्हणजे उमरग्याचा हकीम. त्यानं तिची जीभ बघितली आणि म्हणाला, "जबान तो अच्छी है." तरी शब्द फुटेना. शेवटी आजोबांनी सांगून टाकलं, "दिवाळीपतोर बोलली न्हाय, तर देवीला सोडायची."

देवीला सोडलेली एक बाई आमच्या दारी जोगवा मागायला यायची. ती आली की आई धाकटीला पदराखाली घ्यायची. मला रात्रंदिवस त्या बाईच्या पायांच्या भेगा दिसत.

आमच्यात सून सासऱ्यापुढं बोलत नसे. आईनं तर लग्नापासून आजोबांना आवाजच ऐकवला नव्हता. जेवण वाढलंय हे ती बांगड्या वाजवून कळवी, पाणी हवं का हे तांब्या पुढं सरकवून विचारी. मी लहान होते तेव्हा आजोबा दिवसभर रानात असत, म्हणून आई माझ्याशी घडाघडा बोलायची. पुढं त्यांचे गुडघे गेले आणि ते ओसरीवर येऊन बसले ते कायमचेच. धाकटी त्या गप्प घरात आईच्या कडेवर वाढली. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असेल तर शपथ!

दसऱ्यानंतर आम्ही तिघीच भुईमूग काढायला गेलो. धाकटीनं माझ्या हातातली शेंग ओढली आणि स्पष्ट म्हणाली, "माझी हाय ती." आईनं ओटीतल्या सगळ्या शेंगा तिच्यापुढं ओतल्या. मग त्या दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या आणि मी रडत होते.

घरी येताच आईनं तिला आजोबांपुढं उभं केलं.

"बोल की गं, बाय," मी म्हणाले.

धाकटीनं आईचा पदर ओढून आपल्या डोक्यावर घेतला, मान खाली घातली आणि बांगड्या वाजवल्या.

"मुकीच हाय," आजोबा म्हणाले. मी रानातलं सांगायला लागले, तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

तेवढ्यात आई बोलली. "मामा, मुकी न्हाय ती. रानात बोलली. म्या तुमच्यापुढं बोलत न्हाय, म्हणून ती बी बोलंना."

देवीचं नाव आजोबांनी पुन्हा काढलं नाही. पण त्या घडीला धाकटी इतकी घाबरली, की आईच्या कडेवर चढून तिनं दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबून धरलं.