सिराज तांबोळींचा हट्ट

मंडईमागच्या बोळात सिराज तांबोळी तीस वर्षं तराजू दुरुस्त करत होते. त्यांच्या हातून गेलेला काटा गुंजभरही चुकत नाही, असं भाजीवाले सांगत, आणि सिराजभाईंनाही त्यात शंका नव्हती. म्हणूनच एका सराफाचा काटा खोटा निघून परत आला, तेव्हा त्यांनी बावीस वर्षं सोबत काम करणाऱ्या जोडीदारावर, भीमरावांवर ठपका ठेवला. भीमराव डबा उचलून लोणी काळभोरला घरी गेले, ते परत फिरकले नाहीत.

पंधरा दिवसांनी दुसरा काटा तसाच परत आला. आता दुकानात सिराजभाई एकटेच होते, तरी त्यांनी दोष दांडीला दिला. डोळे तपासून घ्या, असं बायको नाजिमा म्हणाली, तर तिच्याशी दोन दिवस अबोला.

त्याच आठवड्यात मुलगी आलिया कॉलेजच्या नाटकाची वाक्यं पाठ करत होती. नाटक जुनं, ग्रीक. समोरची वाक्यं वाचायला तिनं अब्बांना बसवलं. त्यातला राजा न्यायी, रयतेसाठी झटणारा. पण जो खरं सांगेल त्यालाच फितूर ठरवणारा. सिराजभाईंना तो फार आवडला. एवढ्या भल्या माणसाचं वाटोळं कशाला करायचं, असं त्यांनी विचारलं.

"भला आहे म्हणूनच जीव तुटतो, अब्बा. ज्या करारीपणानं तो मोठा झाला, त्यानंच त्याला बुडवलं. आपणही चुकतो हे त्याला कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो." मग ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही मघापासून ओळी गाळताय."

सिराजभाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला. अक्षरं एकमेकांत मिसळत होती. त्यांनी कागद खाली ठेवला.

सकाळी डॉक्टरांनी मोतीबिंदूचं निदान केलं. तिथूनच सिराजभाईंनी लोणीची बस धरली.

भीमराव अंगणात कांदे निवडत होते. सिराजभाई उभ्याउभ्याच बोलले, "भीमराव, काटा माझ्या हातून चुकला होता. मी तुमच्यावर ढकललं."

"ठाऊक हाय मला," भीमराव म्हणाले. "पर तुमी ऐकून घेतलं असतं का?"

नसतंच घेतलं, हे सिराजभाईंनी कबूल केलं. भीमरावांनी कांदे सारून बसायला जागा केली, आतून चहा मागवला. ऑपरेशन गुरुवारी आहे म्हटल्यावर, डोळा बरा होईपर्यंत दुकान मी उघडतो, असं आपणहून सांगितलं. चहा दोनदा झाला.

परतीच्या बसमध्ये सिराजभाईंना इतकी गाढ झोप लागली, की शेवटी कंडक्टरलाच त्यांना हलवून उठवावं लागलं.