गुहेपलीकडची टोळी, गासच्या ओटीवर

आमच्या हरेशच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघत नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मी केव्हाच हात टेकलेत. तो गोखिवऱ्याला एका कारखान्यात साचे बनवतो. बाटल्यांची झाकणं, खेळण्यातल्या गाड्यांची चाकं, असलं. मी वसईतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. माझं माहेर कराडकडचं, त्यामुळे आवाज खणखणीत आणि बोलणं सुईसारखं, असं सासरचे म्हणतात. म्हणू देत.

हरेश तसा सज्जन माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत. पण आरंभशूर! आधी अळंबी लावली, मग मासे पाळले, मग बासरी. अळंबी कुजली, मासे गेले, आणि बासरी पुढे मी फुंकणी म्हणून गावच्या चुलीला वापरली. लोक हसायचे, मीही हसायचे. तो मात्र हसायचा नाही. त्याला ते लागत असणार, पण बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नाही.

तर हा खेळ कुठून आला ते सांगते. हरेश लहान असताना तुंगारेश्वरच्या डोंगरात आणि इकडे खाडीकाठी एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. ‘गुहेपलीकडे’ असं त्याचं नाव. आदिमानवांची एक टोळी, जंगलाला आग लागते, सगळे पळतात, वाटेत केसाळ हत्ती येतो, शेवटी खाडी ओलांडून पलीकडच्या गुहेत जातात, असली गोष्ट. टोळीतली माणसं म्हणून आमच्या गावची, गासचीच बाया-माणसं घेतली होती, गोणपाट गुंडाळून आणि तोंडाला काजळी फासून. त्यात माझ्या सासूबाई होत्या, धोंडूबाई. शेजारच्या कृष्णाबाई होत्या. सिनेमा एक आठवडाही चालला नाही. पण हरेशने तो बघितला आणि त्याची आई पडद्यावर मशाल घेऊन पळताना त्याला दिसली. आठ वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे?

पुढे कारखान्यातल्या हर्षवर्धनने त्याला एका रविवारी आपल्या मित्रांच्या खेळाला नेलं. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं, कोणी चोर, कोणी जादूगार. एक जण सूत्रधार. तो सांगणार, ‘तुमच्यासमोर दार आहे, काय करता?’ आपण काय करतो ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा टाकून ठरवायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळं तोंडी. आमचे हे घरी आले ते डोळे चमकवत. “विनया, ‘गुहेपलीकडे’चा असा खेळ केला तर?”

मी म्हटलं, “झालं! आता अळंबीच्या जागी हत्ती.”

पण या वेळी तो थांबला नाही. तीन वर्षं लागून राहिला. सिनेमात एकच नायक, बाकीची टोळी नुसती त्याच्या मागून पळते. खेळायला बसलेल्या चौघांना काहीतरी काम हवं ना? मग त्याने कामं पाडली. एक जण आग राखणारा, एक वाटाड्या, एक शिकारी, एक दाई. सिनेमात टोळी काय खाते ते कुठे दाखवलेलंच नाही. मग हा रोज गासला आईला फोन करून विचारणार, करांद्याचे कंद कधी निघतात, कच्चे खाल्ले तर काय होतं, चिंबोरी बिळात हात घालून कशी धरायची. डोंगर, खाडी, चिखल, भरती-ओहोटी, सगळ्याचा नकाशा काढला. फाशांचा साचा स्वतः केला. मी एकदा विचारलं, “अरे, पण वसईत केसाळ हत्ती आला कुठून?” तर म्हणतो, “सिनेमात आहे. सिनेमात आहे ते मी बदलणार नाही.” कप्पाळ!

खेळ पेटीत घालून चारचौघांत आणायचा, असं ठरलं. पण हरेश म्हणाला, गोष्ट दुसऱ्याची आहे, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. सिनेमा काढणारे गृहस्थ वारलेले. त्यांची मुलगी ज्ञानदाताई ठाण्याला असते, सगळे हक्क तिच्याकडे. हरेशने फोन केला. पलीकडून बाईंचा आवाज बर्फासारखा.

“बाबांच्या सिनेमावर लोक चाळीस वर्षं हसतायत,” त्या म्हणाल्या. “त्या हत्तीवर, त्या गोणपाटांवर. मोबाइलवर तुकडे फिरवतात. तुम्हालाही तेच करायचं असेल तर नको.”

हरेश अजिजीने म्हणाला, “एकदा येऊन खेळ बघा. सिनेमातलं काही बदलणार नाही, हा माझा शब्द. मग नाही म्हणालात तर मी सगळं बंद करीन.”

मी त्याला नंतर म्हटलं, नाव बदल, हत्तीला रेडा कर, कोण विचारतंय? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच वरमले. म्हणाला, “मग ते चोरीचं होईल. आणि माझी आई त्या गोष्टीत आहे, दुसऱ्या कुठल्यात नाही.” तेव्हा मला कळलं की हे अळंबीसारखं नाही. हे गेलं तर हा माणूस पुन्हा कशालाच हात घालणार नाही.

रविवार ठरला. जागा गासच्या घराची ओटी, कारण तिथून खाडीकडचा वारा येतो असं हरेशचं म्हणणं. खेळणार होते हर्षवर्धन आणि त्याचे तीन मित्र, चांगले मुरलेले खेळाडू. आणि आमच्या शहाण्याने एक गोष्ट बघितलीच नाही. शनिवारी हर्षवर्धनच्या चुलतभावाची हळद होती! आमच्याकडच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी कोणी काही ठरवतं का? रात्रभर डीजे, रात्रभर नाच, सकाळी अख्खी आळी आडवी, लग्नसुद्धा मग संध्याकाळचंच. साखरपुडासुद्धा लोक त्या दिवशी ठेवत नाहीत. सकाळी फोन केला तर हर्षवर्धनच्या आईने उचलला, म्हणाल्या, चौघंही मांडवातच झोपलेत, हलवलं तरी हलत नाहीत.

हरेशच्या तोंडाचं पाणी पळालं. ज्ञानदाताई तोवर घोडबंदरच्या पुढे आल्या होत्या.

“आता कोण खेळणार?” तो म्हणाला.

“कोण म्हणजे?” मी पदर खोचला. “आम्ही खेळणार. तोंडानेच खेळायचं ना? मग तोंडाला इथे काय तोटा आहे?”

सासूबाईंना बसवलं, त्यांना आग राखायला दिली. कृष्णाबाई शेजारून आल्या, त्या शिकारी. पलीकडच्या घरातला आलोशियस केळीचा घड द्यायला आला होता, त्याला हात धरून खाली बसवला आणि वाटाड्या केला. मी दाई. बिचाऱ्या हरेशने देवाचं नाव घेतलं असेल.

ज्ञानदाताई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, चेहरा बंद दारासारखा. खुर्ची जरा लांब ओढून बसल्या. “मी फक्त बघणार. मध्ये बोलणार नाही,” म्हणाल्या. चहासुद्धा नको म्हणाल्या. आमच्याकडे चहा नको म्हटलं की यजमानाची पाचावर धारण बसते.

खेळ सुरू झाला. हरेशने सुरुवात केली. “तुम्ही डोंगराच्या उतारावर आहात. मागे धूर दिसतोय. समोर रानडुक्कर आहे. शिकारी, काय करता?”

कृष्णाबाई म्हणाल्या, “आदी सांग, मारला तर वाटे कोन घालनार?”

“ते नंतर, मावशी.”

“नंतर नाय. आदी वाटे ठरव, मंग मारते.”

मी हसू दाबलं. चोरून ज्ञानदाताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा आणखी घट्ट झाला होता. त्यांना वाटलं असणार, हेच ते, चेष्टा. आलोशियस तर प्रत्येक फासा टाकण्याआधी छातीवर क्रूस काढत होता. आदिमानव आणि क्रूस! पण हळूहळू सगळे रंगले. आलोशियसने चिखलातली वाट अशी सांगितली की जणू कालच तिथून चालत आला. सासूबाईंनी आग ओल्या पानांखाली झाकून नेली, आणि हरेशने फासा न टाकताच ती जगली म्हणून सांगितलं.

मग खाडी आली. सिनेमातला तोच मोठा प्रसंग. टोळीत एक म्हातारी असते, चालून चालून थकलेली. टोळी तिला काठावर ठेवते, पलीकडे जाते, मागे वळून बघत नाही. हरेशने ते जसंच्या तसं खेळात घातलं होतं. प्रत्येकाने आपल्या पाळीला फासा टाकून पाणी ओलांडायचं. म्हातारीची ताकद संपलेली, तिला फासाच नाही. तिला ठेवायचं आणि पुढे जायचं, असा नियम.

“नाय ठेवनार,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, नियम आहे.”

“कोनी केला?”

“मी केला.”

“मंग मोड.”

हरेशला घाम फुटला. “आई, सिनेमातच तसं आहे. बदलायचं नाही, मी शब्द दिलाय!”

“तिची पाळी मी घेते,” कृष्णाबाई म्हणाल्या. “माजी झाली का तिची. दे इकडं फासा.”

आलोशियसने मान डोलावली. “बरोबर आहे हरेश. विहिरीचं कसं असतं?” आमच्या वाडीत विहीर एक आणि घरं चार. आता पंप आले, तरी पाण्याच्या पाळ्या अजून तशाच आहेत. एखाद्या घरात आजारपण असलं, बाळंतपण असलं, तर त्या घराची पाळी बुडत नाही. शेजारी आपलं शिंपणं उरकून त्यांच्या बागेला पाणी सोडतात. असं का, ते कोणी कोणाला शिकवलेलं नाही. मी कराडहून आले तेव्हा आम्ही इथेच राहायचो, पहिल्या बाळंतपणात माझ्या केळी आलोशियसच्या आईने जगवल्या होत्या.

हरेश एकदा आईकडे बघतोय, एकदा ज्ञानदाताईंकडे. मला त्याचा जीव दिसत होता, अगदी टांगणीला लागलेला. शब्द पाळावा तर चार माणसं उठून जातील, मोडावा तर खेळच जाईल. मी बसल्या जागेवरून त्याला सणसणीत लाथ घातली. “अरे, विचार करतोस काय? म्हातारी चिखलात उभी आहे!”

त्याने डोळे मिटले आणि फासा कृष्णाबाईंच्या हातात ठेवला. “प्रत्येकाला दोनदा टाकावा लागेल,” तो म्हणाला. “एकदा स्वतःचा, एकदा तिच्यासाठी. तिच्यासाठी टाकलेला चुकला तर टाकणारा वाहून जाईल.”

“जाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या.

माझा फासा चुकला. दाई गेली पाण्यात! आलोशियस ओरडला, “धर धर धर!” आणि आपला फासा माझ्यासाठी टाकून मला बाहेर ओढलं. ओटीवर असा गोंगाट की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. शेवटी कृष्णाबाईंनी फासा फुंकून टाकला आणि म्हातारी काठाला लागली. आम्ही चौघं खरोखरच खाडीतून आल्यासारखे धापा टाकत होतो.

आणि मग सगळ्यांना एकदम ज्ञानदाताई आठवल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या.

हरेश कसाबसा बोलला, “माफ करा. तो प्रसंग तसा नाही. मी पुन्हा...”

सासूबाई आपल्याच तंद्रीत होत्या. कृष्णाबाईंना म्हणाल्या, “त्या शूटिंगच्या दिवशीपन आपन अशेच केलं ना गं? टोपीवाला सायब केवडा चिडलेला.”

“काय केलं होतं?” ज्ञानदाताईंनी विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

“म्हातारीचं काम माज्या सासूनं केलेलं,” कृष्णाबाई म्हणाल्या. “सायब बोलला, तिला टाका आनी चला, वळून बगायचा नाय. आता पानी चडतंय, म्हातारीला दमा, कशी टाकायची? आमी जायचो आनी परत येऊन तिला उचलायचो. तो परत ओरडायचा. असा सगला दिवस गेला. शेवटी मुंबैची मानसं आनली, आनी लांबून काडलं.”

ज्ञानदाताई खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली ओटीवर आमच्यात बसल्या. डोळे भरलेले. “बाबा मरेपर्यंत म्हणायचे, ‘माझा सिनेमा त्या खाडीवर बुडाला. त्या बायकांचं बरोबर होतं, मला शेवट बदलायचा होता, पण पैसे घालणाऱ्यांनी ऐकलं नाही.’ मला वाटायचं, पडलेल्या सिनेमाचं दुःख, म्हातारा माणूस काहीतरी बोलतोय. मी कधी विश्वासच ठेवला नाही.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “हरेशभाऊ, काढा तुमचा खेळ. सिनेमाचं नाव घ्या, बाबांचं नाव घ्या. फक्त तो जुना नियम परत आणू नका.”

हरेश पुढे सरकला. “म्हणजे... हो?”

“हो.”

“एकदा परत म्हणता?”

“हो म्हणतेय हो!” त्या रडता रडता हसल्या. “आणि आता चहा टाका.”

माझा जीव भांड्यात पडला. चहा टाकायला म्हणून मी आत गेले आणि त्यात साखर दोनदा घातली. त्यांची गाडी रस्त्याला लागेपर्यंत हरेश हात हलवत उभा होता. मग तो पायरीवर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या!

“आता कशाला रडतो?” सासूबाई म्हणाल्या. “दिली ना परवानगी?”

“म्हणून तर रडतोय,” हरेश म्हणाला.

मला बोलायला खूप सुचलं होतं, नेहमीसारखं. पण आधी उरलेला चहा आणून त्याच्या हातात दिला. त्याच्या शेजारी जाऊन पायरीवर बसले.