जावयाचं घर पाच मिनिटांवर

आमचे गुरुदासकाका कुणावर चटकन विश्वास ठेवत नाहीत. गावात, मसुऱ्यात, काजू घ्यायला नवा व्यापारी आला, तर काका आधी त्याचा काटा तपासतात, मग आडनाव विचारतात आणि मग त्याच्या मामाचं गाव. मी त्यांचा सख्खा पुतण्या मंगेश, हायस्कुलात शिकवतो, पण मी वाचून दाखवलेली बातमीसुद्धा ते शेजारी जाऊन पडताळून घेतात.

अशा माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सावंतवाडीला झालं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस इथेच राहा. काकांची एकुलती एक मुलगी संचिता सावंतवाडीतच दिलेली. जावई विश्वेश कॉलेजात नोकरीला, घर दवाखान्यापासून पाच मिनिटांवर. तिच्याकडेच उतरायच्या बेताने काका मला आणि उकड्या तांदळाची पिशवी घेऊन आले होते. जावयाने मात्र गाडी उभी केली ती भर बाजारपेठेतल्या सगळ्यात उंची हॉटेलच्या दारात.

"इथे तुम्हाला आराम मिळेल. एसी आहे, लिफ्ट आहे," विश्वेश म्हणाला. बोलताना तो काकांकडे बघत नव्हता.

खोलीचं दार लागल्यावर काका म्हणाले, "मंगेश, सोयऱ्याक हाटेलात कोण ठेवता? ज्येच्या घरात कायतरी लपवूचा आसता, तो."

दार उघडायचं कार्ड भिंतीतल्या खाचेत ठेवलं की दिवे लागतात, हे मी त्यांना दाखवलं. थोड्या वेळाने त्यांनी ते काढून गुपचूप खिशात घातलं. चावी अशी उघड्यावर ठेवणं त्यांना पटेना. दिवे गेले, एसी बंद पडला, आणि भर दुपारी जाड पडद्यांआड आम्ही घामाघूम होऊन बसलो. मला उमगायच्या आत काकांनी खाली फोन लावून खास ठेवणीतल्या मराठीत विचारलं, "आमची लाईट तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून तोडलीत?"

हॉटेलनेही त्यांना खोटं पाडलं नाही म्हणा. खिडकी उघडतच नव्हती आणि काचेपलीकडे शेजारच्या इमारतीची काळी टाकी. एसी गळून गालिचा भिजलेला. मोठ्या नावाची मालवणी थाळी मागवली, तर माशाच्या आमटीत चक्क साखर. "मासो शिळो आसतलो, म्हणान साखर घातल्यानी," काका म्हणाले आणि ताट सरकवलं. खोटं कशाला बोलू, मलाही विश्वेशचा राग आला होता. घर हाकेच्या अंतरावर आणि सासरा इथे उपाशी!

संचिता दिवसातून दोनदा यायची, गोळ्या द्यायची. काका एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यात तेल घालून तिचे दंड, मनगटं, गळा बघून घ्यायचे. कुठे वळ दिसतोय का, कुठे काळंनिळं.

"विश्वेश वेळेर घराक येता मां?"

"येता."

"पिता बिता नाय मां?"

"काय तरीच काय, बाबा! सगळा बरा आसा."

पण "घराक चला" हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. जाताना तिचे डोळे लाल होते. काकांनी ते हेरलं. "सात वर्षां झाली लग्नाक. एकदा तरी येवा म्हटल्यानी? चेडू माझा सुखात नाय, मंगेश." ते खरंच घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा चढवून काका म्हणाले, "चल. फोन करू नको."

दार संचितानेच उघडलं. आम्हाला बघून ती पांढरीफटक पडली. काका चपला न काढता आत शिरले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली, सगळं फिरले, कपाटामागेसुद्धा डोकावले. विश्वेश वर्तमानपत्र हातात धरून नुसता उभा राहिला. घर नीटनेटकं होतं. लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

"मगे हाटेल कित्याक?" काका ओरडले. "बापाशीची लाज वाटली?"

"लाज?" संचिताचा आवाज चिरकला. "लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर तुमीच सांगितलास, पोर झाल्याबगर तुझ्या घरचा पाणी पिवचंय नाय म्हणान."

आमच्याकडे मुलीचा बाप असं म्हणतोच. काकांचे वडीलही आत्याच्या लग्नात म्हणाले होते. पुढे वर्षा-दोन वर्षांत बारसं होतं, बाप येऊन पोटभर जेवतो आणि ते बोलणं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

"डॉक्टर सांगतत, आता होवचा नाय," ती म्हणाली. "तुमका घराक हाडलंय, पाणी पुढे केलंय, आणि तुमी नको म्हटलास तर? ता माका सोसाचा नाय, बाबा. म्हणान मीच ह्येंका सांगितलंय, हाटेल बगा."

काकांनी चष्मा काढला. अख्ख्या गावाच्या बोलण्यावर संशय घेणारा माणूस, स्वतःच्या बोलण्याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

"माका यादपण नाय गो," ते हळूच म्हणाले. "असा मी बोललंय?"

"बोललास."

मला मान वर करवेना. सात वर्षं पोरीने जे उराशी धरलं, ते बोलणाऱ्याला आठवतही नव्हतं. काका भिंतीला टेकून खाली लादीवरच बसले.

"पाणी हाड."

संचिता जागची हलली नाही. "माजी कीव येता म्हणान नको."

"कीव कसली गो? तुझो बापूस येडो आसा. तेका पाणी दी."

तिने तांब्या आणला. काकांनी तो इतक्या घाईने तोंडाला लावला की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. डोळ्यांना पाणी लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ते पथ्य तिथेच मोडलं. संचिताने पदराने त्यांचा गाल टिपला, डोळा जपून. तांब्या रिकामा करून काकांनी तो पुन्हा तिच्यापुढे धरला.