आप्पांची मिशी आणि जावयाचा बेडूक

नदीवर गळ टाकून बसणाऱ्यांच्या घरी मासे कमी येतात, किस्से जास्त. मासा निदान शिजवला की संपतो. किस्से संपत नाहीत, उलट दर वेळी चार बोटं वाढतात!

आमचे मालक रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाले आणि दौंडला भीमेच्या काठावरच मुक्काम ठोकला. सगळी आळी त्यांना आप्पा म्हणते, म्हणून मी पण इथं आप्पाच म्हणते. जोडीला गार्डमामा. जन्म मालगाडीच्या मागच्या डब्यात गेला, रिटायर झाले तरी शिट्टी गळ्यातच! दोघांचं रोजचं भांडण एकच: आज गळाला लावायचं काय?

* * *

आप्पांचं आमिष म्हणजे कणीक. त्यात शेंगपेंड, लसूण आणि हिंग, हात सैल सोडून. एकदा ओट्यावर दोन गोळे झाकून ठेवलेले, एक त्यांचा, एक माझा. घाईत आप्पांनी माझाच उचलला. मला काय ठाऊक! मी उरलेल्याच्या पोळ्या लाटल्या.

त्या दिवशी गार्डमामांचा पाय मुरगळलेला, म्हणून ते नदीवर गेले नव्हते. दारात आले, म्हटलं जेवून जा. मामा खातच सुटले. "वैनी, काय चव हाय आज पोळीला! भाजी वाढूच नगा!"

तेवढ्यात आप्पा रिकाम्या हातानं आले. "येक मासा फिरकला न्हाई गं." मग त्यांच्या नाकाला वास लागला. मामांच्या ताटाकडं बघून ओरडले, "फिरकंल कसा? सगळ्यात मोठा हितं घावलाय!"

* * *

मामांचा भरवसा गांडुळावर. दोरीला एक लाल बूच बांधलेलं, ते बुडालं की मासा लागला. पण मामा तसं कधी म्हणायचे नाहीत. शिट्टी मारून सांगायचे, "सिग्नल पडला!"

एकदा बूच असं बुडालं की गळाची काठीच हातातनं ओढली जायला लागली. मामा शिट्टी मारत काठाकाठानं पळतायत, मागनं आप्पा. "सोडू नगा मामा, मगरीएवढा हाय!" पुढं वळणावर पाण्यातनं दोन शिंगं वर आली. गळ म्हशीच्या दाव्यात अडकला होता!

म्हशीची मालकीण काठावरनं म्हणाली, "मामा, धरलीच हाय तर धार बी काढा!"

* * *

आता धाकट्या जावयाचं ऐका. संदीपराव शिरूरचे, कंपनीत सुपरवायझर. आमच्या लेकाची मुलगी मयुरी, तिच्या साखरपुड्यासाठी आदल्या दिवशीच आले. येताना एक डबा आणला. उघडला तर आत रबरी बेडूक, प्लास्टिकचे मासे, लाल, पिवळे, चमकी लावलेले. "आप्पा, ह्याला ल्युअर म्हणतात, खोटं आमिष. पाणी गढूळ असलं की भडक रंग लावायचा, नितळ असलं की साधा. सगळी गंमत रंगाची!"

आप्पा म्हणाले, "मासं धरायचं हाय का बांगड्या भरायच्या हायत? प्लास्टिक खाणारा मासा भीमेत जन्मायचाय अजून!"

"पैज?"

"पैज! बाभळीखाली बसणारी ती मरळ मासळी तुमच्या बेडकाला लागली, तर ही मिशी उतरवीन!"

आमच्याकडं घरातलं कुणी वडीलधारं गेलं तरच मिशी उतरवतात. आणि उद्या साखरपुडा!

* * *

जावयानं पहिल्यांदा दोरी फेकली ती आप्पांच्या टोपीला लागली. टोपी उडाली पाण्यात. मामांनी लगेच शिट्टी मारली, "सासरा लागला!"

दुसऱ्यांदा बेडूक बाभळीच्या सावलीत पडला. टुणटुण नाचवला. आप्पा गांडूळ लावून शेजारीच बसलेले. पाणी फुटलं, आणि मांडीएवढी मरळ वर आली, जबड्यात बेडूक!

जावई घाबरले. "आप्पा, जाऊ द्या, गंमत केली." आप्पा काही ऐकायला तयार नाहीत. "शबूद म्हंजी शबूद." गेले तडक सलूनमध्ये.

न्हाव्यानं साबण लावला आणि हळूच विचारलं, "आप्पा, कवा झालं? आजारी व्हते का?"

"न्हाई. चांगली उड्या मारत व्हती."

बिचाऱ्यानं पैसे घेतले नाहीत!

* * *

दुसऱ्या दिवशी केंदूरची पाहुणे मंडळी आली. आप्पा ओठावर रुमाल धरून फिरत होते. सर्दी झालीय म्हणून सांगितलं. पण मुलाच्या आजोबांना, आबांना, वाकून नमस्कार करताना रुमाल पडला.

आबांचा चेहरा उतरला. बायका डोक्यावरचा पदर सावरून कुजबुजायला लागल्या. आबा म्हणाले, "पाव्हनं, आदी सांगायचं हुतं. सुतकात सुपारी फुटत न्हाई. तारीक म्होरं ढकलू."

नटूनथटून बसलेल्या मयुरीचे डोळे भरून आले. मुलाकडच्यांनी साडीचं ताट उचललंसुद्धा.

आप्पा मधोमध उभे राहिले. "आबा, सुतक न्हाई. आमचं कुनी गेलं न्हाई. मरळ गेली. मी गांडूळ लावलं, जावयानं रबरी बेडूक. त्येला लागली. मी मिशी हरलो."

आबांनी आप्पांच्या कोऱ्या ओठाकडं निरखून बघितलं. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली, पार गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

"बेडूक कंच्या रंगाचा हुता?"